लॅक्स्टन: कुंपण न पडलेलं इंग्रजी गाव

नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी इंग्लंडमधल्या लॅक्स्टन या गावचे पंच एकत्र निघतात आणि नुकताच गहू उगवून आलेल्या एका अवाढव्य शिवारात उतरतात. या शिवारात आत कुठे कुंपण नाही, झुडपांची ओळ नाही. तरीही ते एका माणसाचं नाही. लांबच लांब पट्ट्या एकमेकींना चिकटून आहेत आणि प्रत्येक पट्टी कसणारा वेगळा आहे. पंच एकेका पट्टीची कड पाहत चालतात. कुणी नांगर शेजाऱ्याच्या हद्दीत नेला आहे का? कुणी सगळ्यांच्या वाटेचा तुकडा पेरून टाकला आहे का? शंका आली की मोजणी होते, खुंट ठोकला जातो आणि दंड ठरतो. पुढच्या गुरुवारी गावातल्या ‘डव्हकोट इन’ या पबमध्ये गावाचं न्यायालय भरतं आणि पंचांचा अहवाल तिथे मांडला जातो.

हा पर्यटकांसाठी रंगवलेला देखावा नाही. इंग्लंडमध्ये एके काळी हजारो गावांत अशी न्यायालयं होती. १९७७ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून त्यांचे जवळजवळ सगळे अधिकार काढून घेतले, पण लॅक्स्टनच्या न्यायालयाला त्यातून स्पष्टपणे वगळलं. कारण तिथे ते न्यायालय अजूनही खरं काम करत होतं. शेती होती, सामाईक नियम होते आणि नियम मोडणारेही होते.

नॉटिंगहॅमशर परगण्यात, शेरवुडच्या जंगलाच्या पूर्वेला, जड लालसर चिकणमातीच्या जमिनीवर हे गाव वसलेलं आहे. लोकसंख्या काहीशे. मध्ययुगात उत्तर युरोपात ज्या पद्धतीने शेती व्हायची, त्या पद्धतीचं इंग्लंडमधलं शेवटचं चालतं-बोलतं गाव म्हणून जगभरचे अभ्यासक इथे येतात. या पद्धतीला ‘ओपन फील्ड’ म्हणतात. आपण तिला खुल्या शिवाराची शेती म्हणू. ऐकायला सोपी वाटते, पण आत शिरलं की ती बरीच गुंतागुंतीची निघते. तिचं गणित एकदा नीट लागलं, तर या गावाचा हजार वर्षांचा इतिहासही उलगडतो.

गणिताची सुरुवात जमिनीच्या विश्रांतीपासून होते. रासायनिक खतं नव्हती तेव्हा एकाच जमिनीत दरवर्षी धान्य घेतलं की तिचा कस उतरायचा आणि तण माजायचं. म्हणून गावाची सगळी लागवडीची जमीन तीन मोठ्या शिवारांत वाटलेली असायची. एका शिवारात शरद ऋतूत गहू पेरायचा. दुसऱ्यात वसंतात जव, ओट, वाटाणा, घेवड्यासारखी पिकं घ्यायची. तिसरं पड टाकायचं, त्यात गुरं-मेंढ्या सोडायच्या आणि त्यांच्या शेणा-लेंड्यांनी ते सुपीक होऊ द्यायचं. पुढच्या वर्षी चक्र एक घर पुढे सरकायचं. लॅक्स्टनची तीन शिवारं म्हणजे वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. पूर्वी ईस्ट फील्ड नावाचं एक छोटं चौथं शिवारही होतं, पण फेरपालटीत ते दुसऱ्या एका शिवाराबरोबरच धरलं जायचं.

आता असं समजा, एका शेतकऱ्याची सगळी जमीन एकाच शिवारात आहे. ज्या वर्षी ते शिवार पड असेल, त्या वर्षी त्याच्या घरात एक दाणाही येणार नाही. म्हणजे प्रत्येकाची जमीन तिन्ही शिवारांत, साधारण सारख्या प्रमाणात असायलाच हवी. जमिनी विखुरण्याचं पहिलं कारण इतकं साधं आहे.

शिवाय एकाच शिवारातही माती सारखी नसते. कुठे उतार, कुठे पाणी साचणारा खोलगट भाग, कुठे उत्तम चिकणमाती. कुणा एकाला सगळी चांगली आणि दुसऱ्याला सगळी वाईट जमीन मिळू नये, म्हणून शिवाराच्या प्रत्येक भागात प्रत्येकाची एखादी पट्टी असायची. त्यामुळे एका कुटुंबाची जमीन वीस-तीस, कधी त्याहून जास्त ठिकाणी पसरलेली असे. हे असं का झालं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. काहींच्या मते हा न्याय्य वाटपाचा परिणाम आहे, काहींच्या मते तो एक प्रकारचा विमा आहे: पावसाने सखल भागातलं पीक गेलं तरी चढावरचं वाचावं. काही जण वारसांमधल्या वाटण्यांकडे बोट दाखवतात. मला विम्याचा मुद्दा जास्त पटतो. ज्यांच्याकडे साठवणीचं धान्य नव्हतं आणि उधार देणारा नव्हता, त्यांच्यासाठी एका वर्षाचं पूर्ण नुकसान म्हणजे मरणच होतं.

पट्ट्या लांबट का? तर नांगरामुळे. जड चिकणमाती फोडायला बैलांची मोठी जुंपण लागे, आठ बैलांपर्यंत. एवढा ताफा वळवणं फार कष्टाचं, म्हणून शक्य तितकं सरळ जायचं आणि कमीत कमी वेळा वळायचं. वळण घेण्यासाठी नांगऱ्या आधीपासूनच थोडी दिशा बदलू लागे, आणि त्यामुळे जुन्या पट्ट्या किंचित नागमोडी, उलट्या ‘एस’ अक्षरासारख्या दिसतात. मिडलंड्स म्हणजे इंग्लंडचा मधला भाग. तिथल्या अनेक कुरणांत, जिथे शेकडो वर्षांत नांगर लागलेला नाही, तिथे संध्याकाळच्या तिरप्या उन्हात हे जुने उंचवटे आणि सऱ्या आजही स्पष्ट दिसतात.

या पट्टीचं एक माप आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. २२० यार्ड लांब आणि २२ यार्ड रुंद पट्टी म्हणजे बरोबर एक एकर. १६२० च्या सुमारास एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने मोजणीसाठी २२ यार्डांची, म्हणजे ६६ फुटांची साखळी रूढ केली. पुढे मुंबई इलाख्यात जमीन मोजणी झाली तेव्हा तिच्या निम्मी, ३३ फुटांची साखळी वापरात आली. तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. गावाकडे जमिनीचा सौदा करताना आजही एकर-गुंठ्यांत बोलणाऱ्यांच्या तोंडी ते इंग्रजी नांगराचंच माप असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. पट्टी ज्याची त्याची होती, पण शेती एकट्याची नव्हती. पीक निघालं की सगळ्या शिवारात गावाची गुरं चरायला सुटायची. म्हणून सगळ्यांनी एकाच वेळी पेरणं आणि ठरलेल्या तारखेच्या आत कापणी उरकणं भाग होतं. माझ्या पट्टीत मी उशिरा येणारं पीक लावलं, तर एक तर गुरं ते खाणार किंवा माझ्यासाठी सगळ्या गावाची चराई अडणार. कुणी किती मेंढ्या सोडायच्या, गुरं कोणत्या दिवशी आत घ्यायची, पाणी कुठून काढायचं, वाट कुठे ठेवायची, नांगर वळवायची जागा कुणी वापरायची, हे सगळं एकत्र बसूनच ठरवावं लागे. ते ठरवणारी जागा म्हणजे गावाचं न्यायालय, ‘कोर्ट लीट’. भटकी गुरं पकडून कोंडवाड्यात घालायला गावाचा नेमलेला माणूस असे. लॅक्स्टनचा तो कोंडवाडा अजून उभा आहे.

१९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक प्रसिद्ध मांडणी केली: सगळ्यांसाठी खुलं असलेलं कुरण शेवटी उजाड होणारच, कारण प्रत्येक जण आपलं आणखी एक जनावर त्यात सोडणार. ही मांडणी इतकी लोकप्रिय झाली की तिच्या आधारावर धोरणं आखली गेली. पण इंग्लंडची खुली शिवारं अशी बेवारस कधीच नव्हती. तिथे कुणाला किती हक्क आहे हे ठरलेलं होतं, देखरेख होती आणि दंड होता. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडपासून जपानपर्यंतच्या अशा सामाईक व्यवस्थांचा आयुष्यभर अभ्यास केला आणि दाखवून दिलं की लोक एकत्र येऊन नियम करू शकतात आणि ते शतकानुशतकं टिकवूही शकतात. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. लॅक्स्टनचे पंच पाहिले की त्यांचं म्हणणं पुस्तकातून बाहेर येऊन समोर उभं राहतं. स्थानिक इतिहासाला मी गंभीरपणे घेतो तो यामुळेच. मोठमोठ्या सिद्धान्तांची परीक्षा एखाद्या छोट्या गावाच्या चिखलात होते.

तरी या व्यवस्थेला गोड रंग देणं बरोबर नाही. गाव म्हणजे समान माणसांची पंचायत नव्हती. १०८६ साली नॉर्मन राजा विल्यमच्या आज्ञेने झालेल्या देशव्यापी पाहणीत, म्हणजे डूम्सडे बुकात, लॅक्स्टनची नोंद आहे. नॉर्मन येण्यापूर्वी हे गाव टोकी नावाच्या माणसाकडे होतं. विजयानंतर ते जेफ्री आल्सेलिन या नॉर्मन सरदाराच्या ताब्यात गेलं, आणि त्याच्या वतीने वॉल्टर नावाचा माणूस ते सांभाळत होता. बावीस बांधील कुळं, सात त्याहून गरीब खोपटकरी आणि काही गुलामही त्या नोंदीत आहेत. गावाचं मोल पूर्वी ९ पौंड होतं, ते ६ पौंडांवर आल्याचंही लिहिलं आहे. म्हणजे सत्तांतराचा फटका शेतापर्यंत पोचला होता. गावाच्या उत्तरेला मातीचा उंच ढिगारा आणि त्याभोवतीचे खंदक आजही दिसतात. नॉर्मन काळातल्या किल्ल्याचे ते अवशेष आहेत. या किल्ल्याच्या धन्यांकडे शेरवुडच्या राजवनाची वंशपरंपरागत राखणदारी होती. न्यायालय शेतकऱ्यांचं असलं तरी ते भरायचं जमीनदाराच्या नावाने, आणि त्याचा कारभारी तिथे अध्यक्ष असायचा. आजही कारभारी मालकाचाच असतो.

ही सगळी रचना डोळ्यांना दिसते ती एका नकाशामुळे. १६३५ साली मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने लॅक्स्टनची संपूर्ण मोजणी केली. त्याने प्रत्येक पट्टी काढली, ती कुणाकडे आहे हे सोबतच्या वहीत लिहिलं आणि नकाशावर नांगरणारे, कापणी करणारे, शिकारीला निघालेले लोकही चितारले. हा नकाशा आता ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. मोठ्या आकाराचे अनेक तुकडे जोडून केलेलं हे काम इतकं बारकाईचं आहे की खुल्या शिवाराच्या शेतीवर कुणीही लिहो, त्याला या नकाशापाशी यावंच लागतं.

पण मोजणी हौसेपोटी होत नाही. नकाशा करवून घेतला तो गावाचा तेव्हाचा मालक सर विल्यम कोर्टेन याने. हा माणूस खानदानी जमीनदार नव्हता. त्याचे आईवडील धर्माच्या छळामुळे फ्लँडर्समधून, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातून, पळून लंडनला आले होते आणि कापडाच्या व्यापारात स्थिरावले होते. कोर्टेनने त्या व्यापारातून अफाट पैसा केला. १६२७ मध्ये बार्बाडोस बेटावर इंग्रजांची पहिली वसाहत उभी राहिली ती त्याच्याच पैशावर. राजा पहिल्या चार्ल्सला त्याने मोठमोठी कर्जं दिली होती. अशा माणसाला आपल्या गावातली प्रत्येक पट्टी कुणाकडे आहे, तिच्यातून किती खंड येतो आणि किती वाढवता येईल, हे माहीत हवं होतं.

इथे या गोष्टीचा एक धागा थेट कोकणात येतो. ज्या वर्षी लॅक्स्टनची मोजणी झाली, त्याच १६३५ सालाच्या अखेरीस राजाने कोर्टेनच्या मंडळाला पूर्वेकडे व्यापार करण्याची परवानगी दिली. ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी मोडणारा हा निर्णय होता आणि कंपनी त्यावर अतिशय संतापली. १६३६ च्या वसंतात कॅप्टन जॉन वेडेलच्या नेतृत्वाखाली जहाजं निघाली आणि त्या वर्षाच्या पावसाळ्यानंतर गोव्याच्या किनाऱ्याला लागली. जहाजं निघून काही आठवडे होतात न होतात तोच खुद्द कोर्टेन लंडनमध्ये वारला. पण त्याच्या माणसांनी भटकळ, कारवार आणि राजापूर या ठिकाणी व्यापाराचं बस्तान बसवलं.

राजापूर म्हटलं की आपल्याला १६६१ आठवतं. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत करणाऱ्या इंग्रजांना धडा शिकवण्यासाठी शिवाजी महाराजांनी राजापूरच्या वखारीवर केलेली ती चढाई. ती वखार ईस्ट इंडिया कंपनीची होती. कोर्टेनचं मंडळ तोवर डबघाईला येऊन कंपनीत मिसळून गेलं होतं. पण या बंदरात इंग्रजांनी आधी पाय ठेवला तो कोर्टेनच्या पैशावर. नॉटिंगहॅमशरच्या चिखलातली पट्टी आणि राजापूरच्या खाडीतली मिरी एकाच माणसाच्या हिशेबात लिहिली जात होती, हे मला विलक्षण वाटतं. आडगावचा इतिहास आडगावापुरता असतो अशी समजूत करून घेतली, तर अशा गोष्टी नजरेतून सुटून जातात.

कोर्टेनच्या मुलाच्या हातून ही दौलत फार टिकली नाही. पूर्वेकडच्या व्यापारात कर्ज वाढत गेलं आणि १६४० च्या सुमारास लॅक्स्टन पियरपॉन्ट घराण्याकडे गेलं. या घराण्यातल्या पुरुषांना किंग्स्टनचे अर्ल, मग ड्यूक आणि शेवटी अर्ल मॅनव्हर्स अशा पदव्या मिळत गेल्या. गाव त्यांच्याकडे तीनशे वर्षांहून अधिक काळ राहिलं.

या तीनशे वर्षांतच इंग्लंडचं ग्रामीण रूप मुळापासून बदललं. आपण चित्रात पाहतो ते हिरव्या झुडपांच्या कुंपणांनी चौकोन पाडलेलं इंग्लंड बऱ्याच भागात फार जुनं नाही. मिडलंड्समध्ये तरी ते मुख्यतः अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात तयार झालं. या बदलाला ‘एन्क्लोजर’ म्हणतात, म्हणजे कुंपणबंदी. विखुरलेल्या पट्ट्या एकत्र करायच्या, गायरान आणि सामाईक कुरण वाटून टाकायचं, प्रत्येकाला एकसंध तुकडा द्यायचा आणि त्याला कुंपण घालायचं. हे कधी आपसात ठरवून व्हायचं, कधी संसदेत कायदा करून. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन त्यांखाली आली. इंग्लंडच्या क्षेत्रफळाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा.

प्रत्येक गावासाठी वेगळा कायदा असे. गावातले मोठे जमीनधारक संसदेकडे अर्ज करत. कायदा मंजूर झाला की आयुक्त नेमले जात. ते मोजणी करत, हक्कांचे दावे ऐकत आणि निवाडा देत. मतं माणसांची नव्हे, जमिनीच्या मोलाची मोजली जात. त्यामुळे छोट्या माणसाचा विरोध कागदावर फारसा उमटतच नसे.

कुंपणबंदीच्या बाजूने मुद्दे खरे होते, ते नाकारून चालणार नाही. एकसंध जमिनीत निचरा करता येतो, सलगम-क्लोव्हरसारखी नवी पिकं लावता येतात, शेजाऱ्याचं तण आपल्यात येत नाही, आपल्या गुरांना दुसऱ्याच्या गुरांचा रोग लागत नाही. पट्टीपट्टीला पळत जाण्यातला वेळही वाचतो. पण गायरानात एक गाय चारून पोरांना दूध पाजणाऱ्या मजुराचं काय? कागदोपत्री हक्क नसेल, तर त्याला काहीच मिळालं नाही. हक्क असलाच, तर एवढासा तुकडा मिळाला, आणि त्याला कुंपण घालण्याचा खर्च न झेपल्यामुळे तो पुष्कळदा विकावा लागला. सरपण, गवत, कापणीनंतर वेचायचे दाणे, हे सगळं एका फटक्यात दुसऱ्याचं झालं. पूर्वी ज्याला गावात काही ना काही अधिकार होता तो आता फक्त रोजंदारीवर उरला. देशाचं धान्य वाढलं असेल, पण त्याची किंमत कुणी मोजली, हे इंग्रजी इतिहासात बराच काळ पुरेसं सांगितलं गेलं नाही असं मला वाटतं.

मग लॅक्स्टन कसं वाचलं? गावकऱ्यांनी बंड केलं म्हणून नव्हे. इथे कारणं अगदी व्यवहारी होती. गावाच्या जमिनीचा काही भाग आपसातल्या समझोत्याने आधीच कुंपणात गेला होता, त्यामुळे उरलेल्याची घाई नव्हती. मॅनव्हर्सबरोबर स्कारबरोचे अर्ल हेही इथले बडे जमीनदार होते, शिवाय बरेच छोटे स्वतंत्र मालक. दोन मोठ्यांमध्ये जमिनींच्या अदलाबदलीचं जमेना. खर्चही मोठा होता. आणि १८७० नंतर अमेरिकेतून स्वस्त गहू येऊ लागला, धान्याचे भाव कोसळले, तेव्हा एवढा खर्च करून कुंपण घालण्यात कुणाला फायदाच दिसेना. इतिहासात पुष्कळ गोष्टी कुणी ठरवून वाचवलेल्या नसतात. त्या लांबणीवर पडत राहतात आणि मग अचानक दुर्मिळ होतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच बारीक पट्ट्या जोडून मोठ्या केल्या गेल्या, त्यामुळे आजच्या पट्ट्या १६३५ च्या नकाशातल्यांपेक्षा खूप रुंद आणि संख्येने कमी आहेत. ट्रॅक्टरला तेवढी जागा लागतेच. पण तीन शिवारं, फेरपालट आणि न्यायालय तसंच राहिलं.

१९३० च्या दशकात ऑक्सफर्डच्या एका अभ्यासक दांपत्याने लॅक्स्टनचा बारकाईने अभ्यास करून त्यावर लिहिलं आणि या गावाचं मोल देशाला कळलं. १९५२ मध्ये सहाव्या अर्ल मॅनव्हर्सनी गाव कुणा बिल्डरला किंवा बड्या शेती कंपनीला न विकता सरकारच्या कृषी मंत्रालयाला विकलं, ते ही शेतीपद्धत टिकावी म्हणूनच. १९८१ मध्ये ते राजघराण्याच्या नावे असलेल्या जमिनी सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेलं. आणि २०२० मध्ये क्राउन इस्टेटने ते थोर्सबी इस्टेटला दिलं. थोर्सबी म्हणजे त्याच पियरपॉन्ट-मॅनव्हर्स घराण्याची जमीनदारी. अडुसष्ट वर्षांनी गाव जुन्या घराकडे परत आलं.

इथे दुसऱ्या दोन जागांचाही उल्लेख करायला हवा. डेव्हनमध्ये ब्राँटनचं मोठं शिवार आहे आणि लिंकनशरमध्ये अ‍ॅक्सहोम भागात पट्ट्यांची शेती दिसते. तिथे जमिनीची जुनी आखणी आहे. पण पंचांनी फिरून पाहणी करायची आणि न्यायालयाने दंड करायचा, ही जिवंत यंत्रणा आता फक्त लॅक्स्टनमध्ये आहे.

ही यंत्रणा चालते अशी. डिसेंबरच्या सुरुवातीला न्यायालय भरतं तेव्हा पुढच्या वर्षी ज्या शिवारात गहू येणार, त्या शिवारासाठी नवे पंच शपथ घेतात. वर्षभराने तेच पंच पाहणीला जातात. म्हणजे दरवर्षी एक शिवार, आणि तीन वर्षांत सगळी शिवारं तपासून होतात. दंडाची रक्कम मोठी नसते. पण ज्यांच्याबरोबर रोज उठबस आहे त्यांच्यासमोर आपलं नाव वाचलं जातं, आणि बांध कोरणाऱ्याला सगळा गाव ओळखून असतो तेव्हा कसं वाटतं हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. पंच आज तपासणारे असले तरी त्यांच्याही पट्ट्या तिथेच आहेत. पुढच्या वर्षी त्यांना तपासणारे दुसरे असतील. या एका गोष्टीमुळे निवाडे बहुतेक वेळा वाजवी राहतात असं मला वाटतं.

शिवारांत नांगराला न जुमानणारे ओलसर, गवताचे भाग आहेत. ओढ्याच्या कडेचे, उताराचे. त्यांना तिथे ‘साइक’ म्हणतात. ते नांगरायचे नाहीत हा जुना नियम, आणि दर उन्हाळ्यात तिथल्या गवताचा शेतकऱ्यांमध्ये लिलाव होतो. नांगर आणि खत दोन्हींपासून दूर राहिल्यामुळे या पट्ट्यांत अशी रानफुलं टिकली आहेत जी आसपासच्या शेतांतून केव्हाच गेली. त्यासाठी या साइकांना सरकारी संरक्षणही मिळालं आहे. जैवविविधता हा शब्द जन्माला येण्यापूर्वी गवताची सोय म्हणून केलेल्या नियमाने हे काम केलं.

गावात फिरताना एक गोष्ट चटकन लक्षात येते. सगळी शेतघरं गावातल्या रस्त्याला लागून आहेत, बरीच तर आखूड बाजूची भिंत रस्त्याकडे करून, मागे लांब आवार सोडून उभी. शेजारच्या गावांत तसं नाही. तिथे कुंपणबंदीनंतर शेतकरी आपापल्या एकसंध जमिनीच्या मध्यावर घर बांधून निघून गेले. लॅक्स्टनच्या शेतकऱ्याला जाऊन जाणार कुठे? त्याची जमीन चहूबाजूंना विखुरलेली, सगळ्या पट्ट्यांना सारखं जवळ असं एकच ठिकाण, ते म्हणजे गाव. जमिनीची मांडणी माणसांना एकमेकांच्या दारात राहायला लावते, ती अशी.

आजची अडचण खरी आहे. पट्ट्यांची शेती मोठ्या यंत्रांना गैरसोयीची आहे आणि फक्त खुल्या शिवारातल्या उत्पन्नावर घर चालत नाही. म्हणून इथल्या शेतकऱ्यांकडे पट्ट्यांबरोबर कुंपणातली जमीनही असते. जमीन कुळाने घ्यायची तर पट्ट्यांसकट, आणि पट्ट्या घ्यायच्या तर न्यायालयाच्या नियमांसकट. शेतघरांची संख्या कमी होत गेली, तर पंच म्हणून उभे राहायला कसणारे लोक कुठून आणायचे, हा प्रश्न मालकाला टाळता येणार नाही. शिवारं राखणं म्हणजे नुसती जमीन राखणं नव्हे, पुरेशी शेतकरी कुटुंबं तिथे टिकवणं आहे. नव्या मालकाची खरी परीक्षा यातच आहे.

कुणाला जायचं असेल तर डव्हकोट इनच्या आवारातच गावाच्या इतिहासाचं छोटं माहिती केंद्र आहे आणि तिथून तिन्ही शिवारांत पायवाटा जातात. मे-जूनमध्ये गेलात तर गव्हाचं शिवार, वसंतातल्या पेरणीचं शिवार आणि पड किंवा चाऱ्याचं शिवार असा फरक रंगावरूनच कळतो. सेंट मायकेलच्या चर्चमध्ये एका मध्ययुगीन स्त्रीची लाकडात कोरलेली प्रतिमा आहे, तीही बघा. चालताना पट्टीच्या कडेने चाला, पिकातून नको. तिथे कुंपण नसलं तरी प्रत्येक फुटाला मालक आहे.